गाठीत गेलेला कॅन्सर आणि अंगभर पसरलेला कॅन्सर

सुरगाणा, निफाड, सिन्नरहून नाशिकला बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडी हे हमखास येतं: ‘गाठीत गेलंय म्हणजे पसरलंच की. आता कशाला त्यांचे हाल करायचे?’ आणि ज्याचं ऑपरेशन होऊ शकलं असतं, असा माणूस घरी नेला जातो. याचं फार वाईट वाटतं, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकच धरलेल्या असतात.

एक म्हणजे कॅन्सर शेजारच्या लसग्रंथींत, म्हणजे रिपोर्ट ऐकताना ज्यांना ‘गाठी’ म्हणतात त्यांत, पोचणं. शरीरात पेशींभोवती झिरपलेला द्रव बारीक वाहिन्यांतून या ग्रंथींत येतो आणि गाळून पुढे रक्तात जातो. तंबाखू-मिश्रीमुळे गालात किंवा जिभेवर झालेल्या कॅन्सरच्या पेशी याच वाटेने जबड्याखालच्या आणि मानेतल्या ग्रंथींत येऊन अडकतात, तिथे वाढतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हेच बहुधा काखेत घडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या पेशी फुप्फुस, यकृत, हाडं अशा दूरच्या ठिकाणी रुजणं.

रिपोर्टवर पहिलीसाठी ‘एन’ हे अक्षर असतं, दुसरीसाठी ‘एम’. तोंडाच्या छोट्या कॅन्सरमध्ये त्याच बाजूला ३ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असेल आणि तिचं आवरण फुटलेलं नसेल, तर ती तिसरी स्टेज. गाठी जास्त असल्या तर ‘चौथी-ए’. चौथी हा शब्द ऐकूनच घरचे खचतात, पण तिथेही बरं करण्याच्याच हेतूने ऑपरेशन आणि रेडिएशन दिलं जातं. फुप्फुसात गेलेल्या कॅन्सरची ‘चौथी-सी’ वेगळी.

म्हणून मानेतल्या ग्रंथी हलक्यात घ्याव्यात असं मुळीच नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यांत रोग शिरला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्याने घटते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ लागत नसतानाही ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ते प्रमाण ६७.५ टक्के होतं. डॉक्टर ‘मानही साफ करू’ म्हणतात ते यामुळे.

सगळ्याच गाठी ‘एन’मध्ये बसत नाहीत, हेही खरं. जठराच्या कॅन्सरमध्ये डाव्या कॉलरबोनच्या वर आलेली गाठ दूरचा पसरावच मानतात. आणि कितीतरी गाठी कॅन्सरच्या नसतातच: दात किडला, पायाला जखम झाली की अवधाण येतं, दुखतं, उतरतं, टीबीनेही मानेत गाठी होतात. न दुखणारी, टणक, तीन आठवड्यांतही न उतरलेली गाठ मात्र दाखवलीच पाहिजे.

रिपोर्ट हातात आला की विचारा: गाठी किती, कुठल्या बाजूला, आवरण फुटलंय का, आणि ‘एम’ शून्य आहे का? आवरण फुटलेलं असेल तर ऑपरेशननंतर रेडिएशनबरोबर बहुधा केमोही द्यावी लागते, तेव्हा मुक्कामाची, सोबतीला कोण थांबणार याची सोय आधीच लावून ठेवता येते.