जाझ आहे काका, लाखात जाते

रविवारी सकाळी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ताडपत्रीवर रेकॉर्डींचा गठ्ठा दिसला. वरती हिंदी सिनेमे, मध्ये भक्तिगीतं, आणि तळाशी लुई आर्मस्ट्राँगची एक एलपी. कव्हरची शिवण उसवलेली, खालची कड पाणी लागून फुगलेली. कितीला, विचारलं तर "चार हजार". मला हसू आलं. विक्रेत्यानं शांतपणे मोबाइल पुढे केला. पडद्यावर कुठल्याशा परदेशी लिलावाची बातमी होती. "जाझ आहे काका. जाझच्या लाखात जातात."

त्याचं अर्धं बरोबर होतं. काही जाझ रेकॉर्डी खरोखरच लाखात जातात. हँक मोबली या सॅक्सोफोनवादकाची ब्लू नोट कंपनीनं १९५७ साली काढलेली १५६८ क्रमांकाची एलपी ऑनलाइन लिलावात १० हजार डॉलरच्या वर गेलेली आहे. आजच्या भावानं हे आठ लाखांच्या पुढे जातं. पण तेच वादन, तेच कव्हर, नंतरच्या जपानी आवृत्तीत काही हजारांत मिळतं. कानाला ऐकू येणारं संगीत दोन्हीकडे एकच. मग वरचे आठ लाख कशाचे?

याचं उत्तर १९३० च्या दशकातल्या काही चिकट माणसांपाशी जाऊन पोचतं. तेव्हाच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डींवर बँडचं नाव असायचं, पण आत कोण कोण वाजवतंय ते नसायचं. जाझमध्ये तर सगळा जीव त्या 'कोण'मध्ये. शिवाय एकच धून त्याच दिवशी दोनदा वाजवलेली असायची आणि कधी कधी एकाच विक्री क्रमांकाखाली दोन वेगळी वादनं बाजारात यायची. वेगळी कशी ओळखायची? तर लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेल्या बारीक आकड्यांवरून. नाणी जमवणारा माणूस टांकसाळीची खूण भिंगातून पाहतो, तसे हे लोक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून आकडे उतरवून घ्यायचे. पॅरिसच्या शार्ल दलोने यानं १९३६ मध्ये या सगळ्याची पुस्तकरूपानं यादी केली. कुठल्या तारखेला, कोणत्या वादकांनी, कोणत्या क्रमांकाखाली काय वाजवलं, अशी. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गॅब्लर आपल्या कमोडोर नावाच्या दुकानातून बंद पडलेल्या रेकॉर्डी पुन्हा छापून विकू लागला आणि लेबलवर वादकांची नावं देऊ लागला. पुन्हा छापलेली आली, म्हणजे 'मूळ' नावाची वेगळी वस्तू आपोआप तयार झाली. तिच्या किमतीची गोष्ट इथून सुरू होते.

पुढच्या कमतरतेत आपल्या देशाचाही हात आहे, तोही लाखेचा. ७८ ची रेकॉर्ड शेलॅकची, म्हणजे झाडांवरच्या किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेची. ती लाख मुख्यतः हिंदुस्थानातून, छोटा नागपूरकडच्या जंगलांतून जायची. युद्धात समुद्रमार्ग अडले आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांचा शेलॅकचा वापर ७० टक्क्यांनी कापला. कंपन्यांनी लोकांकडून जुन्या रेकॉर्डी गोळा करून दळल्या आणि त्याच मालातून नव्या दाबल्या. आपल्याकडे बोहारीण जुन्या साड्या घेऊन भांडी देते, तसाच हा व्यवहार. त्या दळणात किती जुनं जाझ गेलं, याचा हिशेब कोण ठेवणार?

१९४८ साली कोलंबियानं विनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड आणली. तीन-चार मिनिटांच्या जागी बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. जाझवाल्यांना हात मोकळा करून वाजवायला जागा मिळाली. आज ज्या रेकॉर्डींवर बोल्या चढतात, त्यांतल्या बहुतेक याच्या पुढच्या वीस वर्षांतल्या.

आणि त्यांत ब्लू नोटचं नाव सर्वांत वर. बर्लिनहून न्यूयॉर्कला आलेल्या आल्फ्रेड लायननं ही कंपनी १९३९ मध्ये काढली, त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ मागून येऊन मिळाला. वुल्फ फोटो काढायचा, रीड माइल्स कव्हर बेतायचा. ध्वनिमुद्रण करणारा रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि संध्याकाळी न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात दिग्गजांची मुद्रणं करायचा. १९५९ मध्ये त्यानं स्वतंत्र स्टुडिओ बांधला. मूळ तबकडीही तोच कापायचा आणि लेबलाभोवतीच्या रिकाम्या पट्ट्यात आपली आद्याक्षरं टाकायचा: आरव्हीजी. रेकॉर्ड दाबायचं काम प्लास्टीलाइट नावाच्या कारखान्याकडे. त्यांची खूण म्हणजे त्याच पट्ट्यातलं वळणदार इंग्रजी 'पी', जे उलटसुलट पाहिलं की कानासारखं दिसतं. संग्राहक त्याला 'कान'च म्हणतात. १९६६ मध्ये ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली, कारखाना बदलला, कान गेला. म्हणून कान असलेली प्रत जुनी. त्यातही लेबलवर पत्ता लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूचा आहे, ४७ वेस्ट ६३ चा आहे की नुसतं 'न्यूयॉर्क यूएसए' आहे, यावरून साल आणखी मागे-पुढे सरकतं. मोबलीच्या त्या १५६८ ची पहिली प्रत तर दोन बाजूंच्या दोन वेगळ्या लेबलांवरून ओळखतात: एकीकडे 'न्यूयॉर्क २३', दुसरीकडे नाही. आठ लाखांतला मोठा हिस्सा या दोन आकड्यांचा आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

हे वेड आहे हे मान्य. पण त्याला थोडा आधारही आहे. मूळ तबकडीवरून धातूचे साचे बनतात आणि साचे झिजत जातात. व्हॅन गेल्डरनं स्वतःच्या हातानं कापलेल्या तबकडीवरून आलेली पहिली खेप आणि तीस वर्षांनी टेपच्या नकलेवरून कुणी तिसऱ्यानं काढलेली आवृत्ती यांत फरक ऐकू येतो. तो आठ लाखांचा आहे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला स्वतःला चांगल्या पुनर्मुद्रणावर झोप छान लागते.

मुळात या रेकॉर्डी थोड्याच निघाल्या, कारण कंपन्या छोट्या आणि गिऱ्हाईक मर्यादित. त्या दुर्मिळ वस्तूला बाजारभाव मात्र मोठ्या प्रमाणात जपाननं दिला. युद्धानंतर तिथे परदेशी रेकॉर्ड सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती, म्हणून 'जाझ किस्सा' नावाची कॉफीची दुकानं भरभराटीला आली: एक कप कॉफी घ्या, गप्प बसा आणि मालकाच्या रेकॉर्डी ऐका. आपल्या इराण्याकडच्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणं वाजवणाऱ्याला ती शिस्त जाचली असती, पण त्या अंधाऱ्या दुकानांत कान तयार झालेली पिढी पुढे पैसेवाली झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेतली माणसं कॅसेट आणि सीडीसाठी घरं रिकामी करत होती, तेव्हा जपानी व्यापारी मूळ प्रती उचलून नेत होते.

तोवर लिलाव चालायचे ते टपालानं. विक्रेता छापील यादी पाठवणार, तुम्ही पत्रानं बोली कळवणार. १९९५ मध्ये ऑनलाइन लिलावाचं ईबे सुरू झालं, २००० मध्ये रेकॉर्डींच्या नोंदी ठेवणारी डिस्कॉग्ज ही साइट, आणि झालेल्या लिलावांचे भाव साठवून ठेवणाऱ्या साइटही आल्या. मग भाव ही गावापुरती गोष्ट उरली नाही. त्याचे परिणाम दोन बाजूंनी झाले. दुर्मिळ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक रेकॉर्डी घराघरांत पडून आहेत हे कळल्यावर त्यांचे भाव उतरले. खऱ्या दुर्मिळांवर मात्र ओसाका, लंडन आणि लॉस एंजेलिस एकाच रात्री बोली लावू लागले, आणि ते भाव चढले. लिलाव चढायला दोनच हट्टी माणसं पुरतात, फक्त ती एकमेकांना सापडायला हवीत. आंतरजालानं ती गाठ घालून दिली.

नंतर नव्या विनाइलचीच लाट आली. अमेरिकेत २०२० मध्ये विनाइलच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, १९८० च्या दशकानंतर प्रथमच. २०२२ मध्ये नगांतही: ४ कोटी १० लाख विनाइल, ३ कोटी ३० लाख सीडी. ब्लू नोटनंही २०१९ पासून जुन्या एलपी मूळ टेपवरून उत्तम दर्जात पुन्हा काढायला घेतल्या. आता मूळ प्रती स्वस्त होतील असं वाटावं, पण तसं घडलं नाही. नवी प्रत ऐकून चटक लागलेल्यांतले थोडे जण जुनीच्या मागे लागतात, आणि जुनीची संख्या काही वाढत नाही.

यातला एक छदामही वादकाला मिळत नाही, कारण जुन्या वस्तूच्या फेरविक्रीत त्याचा वाटाच नसतो. युटा हिप ही लाइपझिगची पियानोवादक १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आली, पुढच्याच वर्षी ब्लू नोटसाठी वाजवलं, आणि काही वर्षांत संगीत सोडून कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली ती कायमची. २००३ मध्ये ती गेली. तिच्या एलपीची चांगली पहिली प्रत आज हजारो डॉलरला जाते. मोबली १९८६ मध्ये वारला तेव्हा त्याच्याजवळ राहायला धड घरही उरलं नव्हतं, असं त्याच्याबद्दल वाचायला मिळतं.

आता आपल्या ताडपत्रीकडे. पुण्यात अशा रेकॉर्डी आल्या कुठून? पावसाळ्यात मुंबईचं सरकार गणेशखिंडीला यायचं, रेसचा मोसम सुरू व्हायचा, लष्कर म्हणजे कॅम्प भागातल्या क्लबांत नाच रंगायचे. तिथली अँग्लो-इंडियन, गोवेकर, पारशी घरं इंग्रजी संगीत विकत घेणारी. पुढे त्यांतली बरीच कुटुंबं परदेशी गेली. ऐंशीच्या दशकात कॅसेटनं उरलेल्यांचे फोनो माळ्यावर टाकले. त्या काळात एलपी गरम पाण्यात बुडवून झालरीच्या वाट्या करायची टूम निघाली होती. आमच्या घरीही अशा दोन होत्या, एकीत सुपारी असायची.

पण या मालात मोबली सापडत नाही. सापडतात त्या बहुतेक कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात दाबलेल्या भारतीय आवृत्त्या. त्याही पुण्याच्या हवेत चाळीस पावसाळे काढलेल्या. कव्हरवर बुरशीचे पिवळे ठिपके, जड सुईनं खरवडलेल्या खाचा, आणि कोपऱ्यात निळ्या शाईत 'लग्नानिमित्त सप्रेम भेट'. लिलावाच्या भाषेत रेकॉर्डची प्रत मिंट, नीअर मिंट, व्हीजी प्लस अशी उतरत जाते आणि एकेका पायरीला भाव निम्म्यावर येऊ शकतो. सप्रेम भेट आली की कव्हरची पायरी गेलीच. मला मात्र त्या ओळी वाचायला आवडतात. आर्मस्ट्राँग आहेरात देणारं पुणं कसं असेल?

आपल्याकडचं जे खरं मोलाचं जाझ, ते वेगळंच आहे. १९३५ मध्ये लिओन अॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये आला, आणि त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ती विद्या उचलली. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, त्यानं १९४० च्या दशकात आपल्या बँडच्या ७८ च्या रेकॉर्डी केल्या. मराठी माणसाला तो सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून ठाऊक आहे. १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. कलकत्त्यात पियानोवादक टेडी वेदरफर्डनं रेकॉर्डी केल्या आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीनं तो गेला. मग १९६८ ची एचएमव्हीची शंकर-जयकिशन यांची 'रागा जाझ स्टाइल': तोडीपासून भैरवीपर्यंत ११ राग, रईस खाँची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आज मूळ प्रतीला परदेशी संग्राहक शेकडो डॉलर देतात. मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेला आणि १९६९ मध्ये जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर त्यानं 'हम दोनो' केली. ती ब्रिटिश जाझमधल्या दुर्मिळ एलपींत गणली जाते.

आपल्याकडच्या जाणत्या संग्राहकांनी या बाजूला फारसं पाहिलं नाही, हेही खरं. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं मोठं काम केलं, पण आपला सगळा ओढा गौहरजान, अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व यांच्याकडे. पुण्यात तर बालगंधर्वांची न चिरलेली ७८ सापडली की चार घरं फोन जातात. जाझ म्हणजे लष्करातल्या लोकांचं काहीतरी, असा सदाशिव-नारायणातला समज.

त्या रविवारी मी मोबाइलचा टॉर्च लावून विक्रेत्याला आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डचा रिकामा पट्टा दाखवला. आकडे होते, कान नव्हता. कव्हरच्या मागचं डमडमही दाखवलं. सौदा सातशेवर ठरला. घरी येऊन भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून ती धुतली, पंख्याखाली वाळवली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात सुई एकाच जागी अडकते, बोटानं जरा ढकलावी लागते.

बुधवारी पुन्हा गेलो. विक्रेत्यानं गठ्ठ्याचे दोन भाग केले होते. भारतीय एकीकडे, बाहेरच्या एकीकडे, आणि हातात टॉर्च. "काका, हा कान का बघा बरं," म्हणत त्यानं एक रेकॉर्ड पुढे केली. कान नव्हता, केस अडकला होता.