साठा म्हणजे आवक नव्हे

मे महिन्यात भाचा आमच्याकडे भांडुपला राहायला आला होता. सुट्टी, उकाडा आणि लॅपटॉपवर दिवसभर ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड’ हा खेळ. एका दुपारी आतल्या खोलीतून हाक आली, “मावशी, लवकर ये, सगळे गुदमरतायत!”

जाऊन बघते तर ५५वी सायकल (म्हणजे खेळातला दिवस), दहा डुप्लिकंट (खेळातली माणसं), आणि हवा बनवणारे डिफ्यूझर अल्गीवाचून, म्हणजे शेवाळावाचून, बंद पडलेले. एक जण शिडीवरच कोसळला होता.

“पण माझ्याकडे तीस टन अल्गी होती गं,” भाचा रडवेला होऊन म्हणाला.

होती ना. तिथेच तर मेख आहे.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्लेई या कॅनडातल्या कंपनीचा हा खेळ २०१९च्या जुलैमध्ये पूर्ण स्वरूपात आला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन माणसं, म्हणजे डुप्लिकंट किंवा थोडक्यात डुप, उतरतात. हवा, पाणी, अन्न, वीज, सगळं खोदून किंवा बनवून मिळवायचं. नवशिक्यांची वसाहत बुडते ती बहुतेकदा एकाच गफलतीने. साठ्याचा आकडा बघून त्यांना वाटतं, आपली आवक चांगली आहे.

मी गिरगावच्या चाळीत वाढले. पहाटे दीड तास नळाला पाणी यायचं, मग दिवसभर मोरीतल्या पिंपावर भागवायचं. पाहुणे पिंप काठोकाठ भरलेलं बघून खुशाल दोन बादल्या ओतून घेत. आईचा कान मात्र नळाकडे. धार बारीक झाली की पिंप भरलेलं असूनही ती सगळ्यांना ओरडायची. पिंप म्हणजे साठा, धार म्हणजे आवक. खेळात साठ्याचा आकडा पडद्यावर सतत डोळ्यांसमोर असतो. धार बघायची तर दर सायकलीचा अहवाल उघडावा लागतो, आणि तो नवखा माणूस उघडतच नाही.

आता भाच्याचा हिशेब. एक डुप सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन ओढतो. सायकल ६०० सेकंदांची, म्हणजे सायकलीला ६० किलो. ऑक्सिजन डिफ्यूझर ५५० ग्रॅम अल्गी घेऊन ५०० ग्रॅम ऑक्सिजन देतो. म्हणजे एका जिवामागे सायकलीला ६६ किलो अल्गी. तीस टन तिघांना दीडशे सायकली पुरली असती. दहा जणांना जेमतेम ४५. प्रिंटिंग पॉड हे यंत्र दर तीन सायकलींनी नवा डुप देऊ करतं आणि दहा होईपर्यंत भाच्याने एकालाही नाही म्हटलं नाही. फुकट आलेली माणसं कोण सोडतो? पडद्यावरचा आकडा टनांत, खर्च किलोंत, म्हणून बरेच दिवस काही कळतच नाही. शिवाय नकाशावर दिसणारी अल्गी सगळी आपली नसते. खोदताना निम्मं वजन वाया जातं, ही गोष्ट खेळ ओरडून सांगत नाही.

मुंबईकराला हे शिकवायची खरं तर गरज पडू नये. जून उजाडला की रोजच्या पेपरात सात तलावांचे टक्के येतात. सगळे काठोकाठ भरले तर साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि शहराला रोज पुरवलं जातं ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास. भागून बघा, वर्षभराची बेगमी, त्यावर पाच-सहा दिवस. पाऊस लांबला की पाणीकपात होते, तेव्हाही तलाव कोरडे पडलेले नसतात. उरलेलं पाणी किती दिवस पुरेल, हा भागाकार कोणीतरी केलेला असतो, एवढंच.

खरा घोळ पुढे आहे. काही गोष्टी आवकीचा वेष घेऊन येतात आणि आतून साठाच असतात.

मीलवुडचं शेत घ्या. एक झाड तीन सायकलींत ६०० किलोकॅलरीचं मील लाइस देतं आणि एका डुपला सायकलीला १,००० लागतात. म्हणजे माणशी पाच झाडं. शेत लावलं, पीक येतंय, आपण निर्धास्त. पण प्रत्येक झाड सायकलीला दहा किलो माती खातं. माणशी ५० किलो. ती माती परत येत नाही. तेव्हा ते शेत म्हणजे मातीचं पिंपच, फक्त त्याला पानं फुटलीत. सुरुवातीला माती रगड असते म्हणून चालून जातं, आणि चालू द्यावं. फक्त त्याला आवक म्हणू नये.

इलेक्ट्रोलायझरने तर भल्याभल्यांना चकवलंय. अल्गी संपली म्हणून भाच्याने दुसऱ्या डावात घाईघाईने तो बसवला. सेकंदाला एक किलो पाणी घेऊन ८८८ ग्रॅम ऑक्सिजन आणि ११२ ग्रॅम हायड्रोजन देणारं हे यंत्र झकास आहे, वाद नाही. हायड्रोजनवर ८०० वॉटचा जनरेटर चालतो तो वेगळाच. पण माणशी हिशेब मांडला तर सायकलीला सुमारे ६८ किलो पाणी. अल्गीचे ६६ गेले आणि पाण्याचे ६८ आले. तळ्यातलंच पाणी वापरत असाल तर तुम्ही एका पिंपातला तांब्या काढून दुसऱ्यात बुडवलात. वर त्यातून निघणारा ऑक्सिजन किमान ७० अंशांचा. मीलवुडला ३० अंशांच्या वर चालत नाही, त्यामुळे हवा वाचवता वाचवता शेताची वाढ थांबते. भाच्याच्या शेताची थांबली.

उलट खरी आवक कुठे असते तर संडासात. हसू नका. फ्लशचा संडास एका वापराला ५ किलो पाणी घेतो आणि ११.७ किलो गढूळ पाणी सोडतो. वॉटर सीव्हमधून वाळू वापरून ते शुद्ध केलं की दर वापरामागे ६.७ किलो शिल्लक. सीव्हने जंतू मरत नाहीत, म्हणून ते पाणी पुन्हा संडासालाच फिरवायचं, स्वयंपाकाकडे वळवायचं नाही. मोठी नव्हे, पण ही पाण्याची नवी धार.

मोठी धार म्हणजे गायझर, जमिनीतून उसळणारा झरा. पाण्याच्या गायझरमधून ९५ अंशांचं पाणी निघतं, कूल स्टीम व्हेंटमधून ११० अंशांची वाफ. नावात ‘कूल’ कशासाठी आहे ते बनवणाऱ्यांनाच ठाऊक. हे कायमचे झरे आहेत, पण बारमाही नाहीत. काही सायकली उसळतात आणि मग बराच काळ निपचित पडतात. फील्ड रिसर्चचं कौशल्य घेतलेल्या डुपकडून गायझर तपासून घेतला की किती सायकली जागा, किती झोपलेला आणि सरासरी किती, हे आकडे उघडतात. उसळत असतानाचा आकडा बघून भुलू नका, सरासरीचा धरा. आपला पाऊसही चार महिनेच पडतो आणि तलाव उरलेल्या आठांसाठी बांधलेत. म्हणजे आवक हाती आल्यावरही टाक्या लागतातच.

यावरून कोणी पहिल्याच दिवशी गायझर शोधत सुटेल तर तेही चूक. पहिल्या चाळीस-पन्नास सायकली साठ्यावरच काढायच्या असतात. अल्गी डिफ्यूझर, मीलवुड, हाताने चालवायचा जनरेटर, सगळं बिनधास्त वापरा. या काळात साठ्याला खर्चाने भागा, म्हणजे आपल्याला किती मुदत आहे ते कळतं. तेवढ्यात संशोधन, आंघोळीची-संडासाची नळजोडणी आणि एखाद्या गायझरपर्यंतचा बोगदा उरकायचा. मुदत वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे पॉडचा नवा डुप नाकारणं. माणसाऐवजी सामानाचं पॅकेज आलं असेल तर डोळे मिटून घ्या, ते श्वास घेत नाही.

मी हे सगळं दोन दिवसांत सांगितलं, भाच्याने अर्धं ऐकलं. तिसऱ्या डावात मात्र तो पाच डुपांवर थांबला आणि लॅपटॉपच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: ३३० किलो. पाच जणांची एका सायकलीची अल्गी. चाळिशीच्या पुढे कुठेतरी त्याला कूल स्टीम व्हेंट सापडलं. तेव्हा अल्गी बरीच उरली होती आणि तो निवांत बसून आमरस खात होता.

जूनमध्ये तो नाशिकला परत गेला. जुलैत एका सकाळी त्याने बातमीचा फोटो पाठवला: तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला. खाली तलावाच्या क्षमतेवरून त्याचं स्वतःचं गणित होतं. “मावशी, ८,०४६ भागिले ३,९००. दोन दिवस.”