तीसच का? पुण्याच्या ढोल-ताशा पथकांच्या वादामागची गोष्ट

पुण्यातलं ढोल-ताशा पथक बघणाऱ्याला मिरवणुकीतला वाजंत्र्यांचा ताफा वाटतं. कागदोपत्री ते बऱ्याचदा नोंदणीकृत न्यास किंवा संस्था असतं. वाजवणारे कॉलेजातले, नोकरीतले, अलीकडे पन्नाशीतलेही, आणि कुणाला छदाम मिळत नाही. मंडळाकडून येतं ते पथकाला. त्या मानधनातून वाद्यं, पानं (ढोलाच्या तोंडांवर ताणलेले पडदे), टेम्पो, चहा-वडापाव निघतो आणि उरलं तर रक्तदान शिबिरं, खेड्यातल्या शाळेला वह्या, गडसफाई. विसर्जनानंतर घाटावर निर्माल्य गोळा करायला हीच मुलं असतात, 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा मंडळांबरोबर मदतीची खोकी भरायलाही होती. हे आधी सांगायचं कारण असं की 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, पथकात तीसपेक्षा जास्त जण नकोत असं सांगितल्यावर जो वाद पेटला, तो ‘पथक’ म्हणजे नक्की काय हे गृहीत धरूनच दोन्हीकडून लढला गेला.

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या उगमाची उजळणी इथे नको, ती शाळेत झालेली आहे. पण पथकांचा खरा पूर्वज शोधायचा तर तो ढोलात नाही, मेळ्यात सापडतो. 1894 पासून पेठापेठांतली पोरं एकसारखे पोशाख करून, पदं बसवून, टिपऱ्या-लेझीम घेऊन गणपतीपुढे गात फिरायची. महिनाभर तालीम, एखादा पदं रचणारा, एखादा चाली लावणारा, बाकी सगळे बिनपगारी. पदांमधून सरकारवर टोले बसू लागले तशी बंदी आली. पुढे मेळे परतले, नाटक-सिनेमाला त्यांनी कितीतरी कलावंत दिले आणि ध्वनिवर्धक, ऑर्केस्ट्रा, सिनेसंगीत यांच्या रेट्यात ते हळूहळू विझले. मिरवणुकीत मग बँड होताच, आणि मुळशी, मावळ, भोरकडची गावकरी मंडळी आपले ढोल घेऊन यायची. जत्रेचे, पालखीचे ढोल. शहरी मध्यमवर्गीय घरातलं मूल तेव्हा ढोल वाजवत नव्हतं, ऐकत होतं.

हे बदललं ते शाळांमुळे. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यवर्ती पेठांतल्या काही शाळांनी आपापली पथकं उभी केली: बरची, लेझीम, ध्वज आणि त्यांना ताल द्यायला ढोल-ताशे. शिस्त शाळेची, ठेका गावाचा. मुलीही ढोल बांधून रस्त्यावर आल्या त्या याच वाटेने. आज नऊवारीतल्या वादक मुलीचं छायाचित्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हटकून येतं, तेव्हा ही वाट कुणाला आठवत नाही. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना वाजवायचं होतंच, त्यांनी माजी विद्यार्थ्यांची पथकं काढली, त्यातून फुटून आणखी निघाली. मतभेद झाले की नवं पथक, हा तर पुणेरी रिवाजच.

2000 नंतरचा फुगवटा मात्र निव्वळ हौसेचा नव्हे. चामड्याचं पान भाद्रपदातल्या दमट हवेत सैल पडतं, ते शेकावं लागतं, दोऱ्या ओढाव्या लागतात, आणि ते काम येणारे हात मोजकेच होते. कृत्रिम पान आलं आणि ढोल पावसात वाजू लागला. ते टिकतं, सांभाळायला सोपं, पण आवाज कडक आणि बोचरा. एकेका पथकात पन्नास, शंभर ढोल ठेवणं त्यामुळेच शक्य झालं. आणि आज ज्या आवाजाबद्दल तक्रार आहे त्यातला बराचसा वाटा संख्येइतकाच या पानाचा आहे, ही गोष्ट वादात फारशी कुणी बोलत नाही. आयटीतल्या मुलामुलींना संध्याकाळी काहीतरी ‘आपलं’ हवं होतं. डोंबिवली, ठाणे, गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रांनी ढोलाला भाद्रपदाबाहेरची तारीख दिली. मग पथकं मुंबईला जाऊ लागली, आणि अमेरिका, ब्रिटन, आखातातल्या मराठी मंडळांनी तिकडेच पथकं बांधली. हौशे, नवशे, गवशे सगळे आले. सरावापेक्षा सेल्फीत रमणारेही आले, हे पथकांचे जुने लोक स्वतःच सांगतात.

शिकवणं कसं चालतं, ते जरा जवळून पाहावं. उत्सवाआधी साधारण दोन महिने वाद्यपूजन होतं आणि नदीपात्रात, पुलाखाली किंवा एखाद्या मोकळ्या मैदानात सराव सुरू होतो. फी नाही किंवा नाममात्र, परीक्षा नाही. नवा आलेला मागच्या रांगेत. ढोलाची एक बाजू हाताच्या थापीची, दुसरी टिपरूची, म्हणजे काठीची. आधी नुसती थाप सरळ पडेपर्यंत टिपरू हाताला लागत नाही. बोटांना चिकटपट्ट्या, कमरेला करकचून बांधलेला पट्टा. समोर ताशेवाले. तर्री, म्हणजे ताशाचा सलग कडकडाट, घुमली की कान टवकारायचे, ताशाच्या काडीचा इशारा झाला की हात, म्हणजे ठेका, बदलायचा. पहिला हात, दुसरा हात, भजनी, गावठी. लिहिलेलं काही नसतं. तीन-चार वर्षांनी मागच्या रांगेतला पुढे सरकतो आणि त्याच्या मागे नवा उभा राहतो. आठ-दहा किलोचं वजन लावून कुणी सलग पाच तास वाजवू शकत नाही. म्हणून मिरवणुकीत पाळ्या असतात: एक थकला की ढोल दुसऱ्याच्या कमरेला. पटावर दीडशे जण असले तरी एका वेळी दीडशे वाजवत नसतात.

आता 2024. त्या वर्षी गणेशचतुर्थी 7 सप्टेंबरला होती. 30 ऑगस्टला हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठाने ध्वनिप्रदूषणाच्या एका अर्जावर आदेश दिला. त्यात मंडपांभोवती आवाज मोजण्याची व्यवस्था वगैरे बरंच काही होतं, पण पेठांत पोहोचलं ते एकच वाक्य: ढोल, ताशा, झांज मिळून पथकात तीसपेक्षा जास्त जण नकोत. दोन महिने सराव झालेला, पोशाख शिवून तयार, आणि आठवड्याभरावर उत्सव. पथकं सर्वोच्च न्यायालयात गेली. 12 सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या पाच दिवस आधी, न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली. वाजवू दे त्यांना, हे पुण्याचं हृदय आहे, अशा अर्थाचं सरन्यायाधीशांचं वाक्य त्या रात्री प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरलं. आदेश रद्द झाला असं तेव्हा पुष्कळांनी समजून घेतलं. स्थगिती एका अटीला होती आणि स्थगिती म्हणजे निकाल नव्हे.

अर्जदारांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा निवासी भागात 55 आणि व्यापारी भागात 65 डेसिबलची मर्यादा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी ध्वनिवर्धकापुरती राहिली नाही, वाद्यंही तिच्या कक्षेत आली. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ती बारापर्यंत सैल करू शकतं, एवढीच सवलत. ‘पारंपरिक वाद्याला नियम लागू नाही’ हे मंडपात ठासून सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. दुसरीकडे मिरवणुकीच्या मुख्य वाटेवर, लक्ष्मी रस्त्यावर, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी वर्षानुवर्षं आवाज मोजत आले आहेत, आणि सरासरी शंभर डेसिबलच्या आगेमागे राहिलेली आहे. कोविडच्या दोन वर्षांत मिरवणूकच नव्हती, तेव्हा ती साठच्या आसपास उतरली होती. पेठेतल्या जुन्या वाड्यात आजारी माणूस सांभाळणाऱ्याला हे आकडे वेगळे सांगावे लागत नाहीत.

तरीही तीस हा आकडा कुठल्या हिशेबात बसतो, हे कोडंच आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. सारख्या आवाजाची शंभर वाद्यं एका जागी वाजत असताना त्यातली सत्तर बंद केली, तर पातळी जेमतेम पाच डेसिबलने उतरते. म्हणजे शंभरचे पंचाण्णव. 65 ची मर्यादा तीस ढोलांनीही मोडते, दहांनीही मोडते. शिवाय अट ‘एका पथकाला’ होती. दीडशेच्या पथकाची पाच पथकं करून एकामागे एक उभी करायला किती वेळ लागतो? फुटण्याची सवय तर अंगात आहेच. आवाज तेवढाच राहिला असता, मिरवणूक आणखी लांबली असती. जे नक्की कमी झालं असतं ते मागच्या रांगेतल्या नव्यांचं प्रमाण, कारण तीसच न्यायचे तर कुठलंही पथक आपले तयार तीस नेणार. आवाजाचा प्रश्न कुठे, किती वेळ आणि कुठल्या पानावर वाजतं याचा आहे. लक्ष्मी रस्त्याच्या टोकाच्या अलका चौकात एकेका पथकाने जागा धरून तासतासभर वाजवत राहणं, एकाच मंडळापुढे पथकांची रांग लावणं, त्यामुळे मिरवणूक चोवीस तासांच्या पार जाणं, यावर पथकांनी स्वतः बंधन घातलं असतं तर लवादापर्यंत गोष्ट गेली नसती, असं म्हणणारे पथकांतही आहेत. दरवर्षी पोलिसांबरोबरच्या बैठकीत माना डोलतात आणि चतुर्दशीला चौकात जे व्हायचं ते होतं. कानांचंही तसंच. सगळ्यात जास्त आवाज वादकाच्याच कानात जातो, पण कानात बोळे घालून वाजवणाऱ्याची अजून थट्टा होते.

2025 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याने पथकांच्या पाठीवर थाप पडली, पण सरावाच्या जागेचा प्रश्न सुटला नाही, आणि सध्या तोच जास्त बोचतो आहे. वस्तीजवळ सराव केला की तक्रार होते आणि ती रास्त असते. नदीपात्र त्यातल्या त्यात सोयीचं, पण खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तेही जातं. 2024 च्या जुलैअखेर पात्रालगतच्या वसाहतींतही पाणी शिरलं होतं, तिथे ढोलांचा काय पाड. आता नदीकाठ सुधारणेचं 44 किलोमीटरचं काम टप्प्याटप्प्याने काठ व्यापत चाललं आहे. नव्या पथकांनी शहराबाहेरच्या मंगल कार्यालयांच्या मोकळ्या जागा भाड्याने घ्यायला सुरुवात केली आहे. भाडं आलं की नाममात्र फी नाममात्र राहत नाही, आणि पेठेतून बस बदलून येणारा अकरावीतला मुलगा दुसऱ्या आठवड्यापासून दिसत नाही.