भूजलाच्या आलेखातल्या रिकाम्या जागा

उत्तर भारतातल्या घटत्या भूजलाबद्दल काही छापून आलं, की सोबत बहुधा ‘ग्रेस’ या उपग्रहजोडीच्या मोजणीचा आलेख असतो. 2002 पासून उतरत जाणारी रेघ. 2011 नंतर ती मध्येमध्ये तुटते आणि 2017-18 मध्ये तर जवळपास वर्षभर दिसतच नाही. याला कारण पाणी नव्हे, उपग्रहांची बॅटरी.

नासा आणि जर्मनीची अंतराळ संस्था डीएलआर यांचे हे जुळे उपग्रह 17 मार्च 2002 रोजी रशियातल्या प्लेसेत्स्कहून सुटले. एकामागे एक, साधारण 220 किलोमीटर अंतर राखून. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जाई. त्याने अंतरात पडणारा फरक, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, मायक्रोवेव्हने टिपला जाई. जमिनीखालचं पाणी घटलं की वस्तुमान घटतं आणि ही ओढही. राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणाने ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात 109 घन किलोमीटर भूजल गमावल्याचा 2009 मधला निष्कर्ष याच मोजणीतून निघाला. तोही एकाही विहिरीत न डोकावता!

मोहीम आखली होती 5 वर्षांची, चालली 15. मागच्या उपग्रहाच्या अँटेनाचं तोंड पुढच्याकडे, म्हणजे प्रवासाच्या दिशेला असल्यामुळे त्या उंचीवरच्या विरळ हवेतल्या सुट्या ऑक्सिजन अणूंचा मारा त्यालाच बसे. म्हणून डिसेंबर 2005 मध्ये दोघांची अदलाबदल केली. मागचा पुढे, पुढचा मागे.

बॅटरीवर मात्र असा उपाय नव्हता. तिचे सेल एकेक करून निकामी होत गेले. दर पाच-सहा महिन्यांनी कक्षा अशा कोनात येई की प्रत्येक फेरीत उपग्रह बराच वेळ पृथ्वीच्या सावलीत राही. तेवढा भार बॅटरीला पेलेना. मग 2011 पासून अशा वेळी चार-पाच आठवडे अंतरमोजणीच बंद ठेवू लागले. आलेखातल्या फटी त्या या.

2016 च्या अखेरीस जोडीतल्या एका उपग्रहाच्या, ग्रेस-2 च्या, प्रवेगमापकालाही वीज पुरेना. हे उपकरण हवेचं घर्षण आणि सूर्यप्रकाशाचा दाब वेगळा काढतं. त्याच्याशिवाय गुरुत्वाकर्षणाचा हिशेब लागत नाही. पण जोडीदार त्याच वाटेवरून अर्ध्या मिनिटाच्या फरकाने जात होता, त्याचेच आकडे थोडी दुरुस्ती करून वापरले. मला तरी या मोहिमेतली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते.

सप्टेंबर 2017 मध्ये ग्रेस-2 चा आणखी एक सेल गेला, ऑक्टोबरमध्ये मोहीम संपल्याचं जाहीर झालं आणि 24 डिसेंबरला तो वातावरणात शिरला. वारसदार ‘ग्रेस-एफओ’ 22 मे 2018 रोजी निघाला. त्याच्याही एका प्रवेगमापकाचे आकडे लवकरच बिघडले, आणि जोडीदाराकडून उसनवारी पुन्हा सुरू झाली.