डोक्याला मार लागल्यावर मेंदूत पुढे काय घडतं

कापसाच्या ट्रॉलीवरून पडलेला किंवा चिंचा झोडताना फांदीवरून खाली आलेला माणूस उठून बसतो, नीट बोलतो, आणि रात्री ओकायला लागतो. कधी कवटीच्या आत रक्त साचत गेलेलं असतं, कधी मेंदूची सूज वाढत गेलेली असते, कधी दोन्ही. मार क्षणभराचा असला, तरी पेशी मरणं पुढे अनेक दिवस चालू राहतं.

धक्क्याने फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, सांडतं. त्याच्या अतिरेकाने शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, बिघडतात आणि त्यांतून सायटोक्रोम सी हे प्रथिन गळतं. मग आधी कॅस्पेज-९, नंतर कॅस्पेज-३ ही विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःलाच मोडायला घेते. ती आक्रसते, तिचे तुकडे आवरणासकट सुटे होतात, आतला माल बाहेर येत नाही. या मरणाला १९७२ साली कर, वायली आणि करी यांनी अपोप्टोसिस हे नाव दिलं.

पण असं शिस्तीत मरायलाही ऊर्जा लागते. रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडला की पेशी फुगून फुटते. सांडलेल्या मालाने मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, चवताळतात आणि टीएनएफ, आयएल-१ बीटा ही दाह भडकवणारी प्रथिनं सोडतात. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन पाणी आणि पांढऱ्या पेशी आत झिरपतात. कवटी ताणत नाही, म्हणून दाब वाढतो, रक्तपुरवठा आणखी घटतो, आणखी पेशी मरतात.

मग सूज उतरवायला स्टेरॉइड का देऊ नये? नातेवाईक हा आग्रह हमखास धरतात. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांवरच्या 'क्रॅश' नावाच्या चाचणीने २००४ साली उत्तर दिलं: दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेले २१.१ टक्के दगावले, न मिळालेले १७.९ टक्के. दाह रोखणारं खात्रीचं औषध आजही हाती नाही. हाती आहे ते रक्तदाब आणि ऑक्सिजन सांभाळणं. वरचा रक्तदाब ९० च्या खाली एकदा जरी गेला, तरी जीवाचा धोका खूप वाढतो.

म्हणून १०८ ला फोन करा. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. मान लुळी पडून श्वास अडतो, मणक्याला इजा असेल तर ती वाढते. उताणं झोपवून डोकं-मान सरळ धरा. ओकारी आली तर डोकं, मान, धड एकदमच कुशीवर वळवा. पाणी, चहा काही पाजू नका. टाळूचं रक्त स्वच्छ कापडाने दाबून थांबवा; हाड खचलेलं वाटलं तर तिथे दाबू नका. ग्रामीण रुग्णालयात तीन तासांच्या आत पोचलं, तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारं औषध देता येतं: १ ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम आठ तासांत. मार मध्यम असेल तर त्याचा उपयोग जास्त. पुढे सीटी स्कॅन जिथे होतो तिथेच न्या.

प्यायलेला माणूस पडला की 'उतरली की उठेल' म्हणून त्याला बाजेवर टाकून देतात. हे फार घातक आहे. त्याला हाक मारून, हलवून पाहा. उठत नसेल, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल किंवा एक हात लुळा पडला असेल, तर सकाळची वाट पाहू नका.