मोबाईल बँकिंग लोकांनी का स्वीकारलं?

विकसनशील देशांतले ग्राहक मोबाईल बँकिंगकडे का वळतात, असं विचारलं की 'सोय' हे उत्तर तयार असतं. ते अपुरं आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जिथे जिथे हे रुजलं, तिथे सोयीच्या आधी निकड होती. आणि मोबाईलमधला पैसा हवा तेव्हा रोख हातात मिळेल, याची खात्री होती.

सुरुवातीचे मोठे प्रयोग फिलिपिन्समध्ये झाले. २००१च्या सुमारास 'स्मार्ट मनी' ही मोबाईलवरून पैशांचे व्यवहार करायची सेवा आली, २००४ मध्ये तशीच 'जीकॅश'. तिथे एसएमएस लोकांच्या अंगवळणी पडला होता आणि परदेशी कमावणाऱ्यांचे पैसे असंख्य घरांत येत होते.

खरा धडा मात्र केनियाचा. ब्रिटिश सरकारच्या विकास निधीची मदत घेऊन व्होडाफोन आणि केनियातली दूरसंचार कंपनी सफारीकॉम यांनी २००५ मध्ये 'एम-पेसा' या मोबाईलवरच्या पैशांच्या सेवेची चाचणी सुरू केली, ती सूक्ष्मकर्जाचे हप्ते फेडण्यासाठी. लोकांनी ती भलत्याच कामांना वापरली. कुणी नातेवाइकांना पैसे पाठवले, कुणी प्रवासाला निघताना एका गावी रक्कम भरून दुसऱ्या गावी काढली, म्हणजे वाटेत चोरीची भीती नको. कंपनीने हे बघितलं आणि मार्च २००७ मध्ये सेवा देशभर सुरू करताना घरी पैसे पाठवणं हाच तिचा मुख्य उपयोग म्हणून मांडला. शहरात राबणाऱ्या माणसाला गावी पैसे पोचवायचे तर तोवर बसचालक किंवा गावी निघालेला ओळखीचा माणूस, हाच आधार होता.

विश्वास कसा बसला, हे एजंटच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने रोख घेणाऱ्या-देणाऱ्या दुकानदाराच्या, दुकानात दिसायचं. ग्राहक रोख रक्कम देई. एजंट आपल्या मोबाईलवरून तेवढीच शिल्लक त्याच्या खात्यात टाकी. वहीत तारीख, फोन नंबर, रक्कम लिहून ग्राहकाची सही घेतली जाई, आणि एसएमएस आला की व्यवहार पुरा. साधा फोन पुरे, इंटरनेट लागत नसे. अक्षरओळख जेमतेम असलेल्या माणसालाही पैसे कुठे गेले हे तिथल्या तिथे कळे. माझ्या मते एम-पेसाच्या यशात तंत्रज्ञानाइतकाच त्या वहीचा वाटा आहे.

संशोधकांची चौकट मात्र दुसरीकडून आली. अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं प्रारूप कार्यालयातले कर्मचारी संगणक का स्वीकारतात याबद्दल होतं. त्यात दोनच मुख्य घटक: उपयुक्तता आणि वापरातली सुलभता. पुढे मोबाईल बँकिंगच्या अभ्यासकांनी त्यात विश्वास, जोखीम, खर्च आणि आजूबाजूच्यांचा प्रभाव यांची भर घातली. ही भर आवश्यकच होती. कार्यालयातल्या संगणकावर चूक झाली तर काम पुन्हा करता येतं, इथे चुकीच्या नंबरावर महिन्याची कमाई जाते.

तीच सेवा दुसरीकडे नेली तर काय होतं, हेही लवकरच दिसलं. दक्षिण आफ्रिकेत एम-पेसा २०१० मध्ये आली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. तिथे बँक खाती आधीच बऱ्याच जणांकडे होती. भारतातही २०१३ मध्ये आलेली ही सेवा २०१९ मध्ये बंद पडली. नियमांचा भागही मोठा आहे. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने दूरसंचार कंपनीला ना-हरकत देऊन वाट मोकळी केली. रिझर्व्ह बँकेने २००८च्या मार्गदर्शक तत्त्वांत मोबाईल बँकिंग बँकांच्याच हाती ठेवलं. भारतात मोठी झेप आली ती २०१४ पासूनच्या जनधन खात्यांनंतर आणि २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यावर, कारण आता पैसा खात्यातून थेट खात्यात जाऊ लागला.

खातं उघडणं आणि ते वापरणं यांतलं अंतर मात्र अजून मिटलेलं नाही. ज्या घरात फोन एकच असतो, तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो आणि बाईच्या खात्याचा व्यवहार त्याच्या हाताने होतो. वाचता न येणारे ग्राहक आपला पिन एजंटलाच सांगून टाकतात. फक्त 'तुम्ही ही सेवा वापराल का?' असं विचारणाऱ्या प्रश्नावलीत यातलं काहीच उतरत नाही.