पार्श्वभूमी : बफलोनं हरणं का पत्करलं होतं

२६ मार्च २०१५ ची रात्र. अमेरिकेतल्या बफलो शहरात घरच्या सेबर्स संघाची अ‍ॅरिझोना कायोटीजशी आइस हॉकीची लढत ३-३ अशी अडकली होती. जादा वेळेत अ‍ॅरिझोनाच्या सॅम गान्येनं पक (रबरी चकती) जाळ्यात धाडला आणि स्टेडियममध्ये जल्लोष उसळला. जल्लोष करणारे बफलोचेच प्रेक्षक होते. अंगात घरच्या संघाची जर्सी, आणि आनंद त्याच संघाच्या हरण्याचा. सेबर्सच्या खेळाडूंना हे फार लागलं, आणि सामन्यानंतर त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

त्या प्रेक्षकांना दोष द्यायला मन धजावत नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये नवे तरुण खेळाडू दरवर्षी 'ड्राफ्ट'मधून संघांकडे जातात आणि दुबळ्या संघांना आधी निवडायला मिळतं. पहिला क्रमांक सोडतीनं ठरतो. २०१५ मध्ये तळाच्या संघाला सोडत जिंकण्याची २० टक्के संधी होती आणि हरला तरी दुसरी निवड पक्की होती. त्या ड्राफ्टमध्ये दोन मुलं अशी होती की ज्यांच्यासाठी कुणीही हंगाम ओवाळून टाकावा : कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल. तळाला राहिलात तर दोघांपैकी एक तुमचाच. अ‍ॅरिझोना खालून दुसरा होता, म्हणून त्या रात्रीची हार बफलोला हवीहवीशी झाली.

या शहरानं वाट पाहण्यात कधी कसूर केली नाही. १९७० मध्ये लीगमध्ये आलेला हा संघ १९७५ आणि १९९९ मध्ये स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत हरला. १९९९ मध्ये डॅलसच्या ब्रेट हलनं तिसऱ्या जादा सत्रात केलेल्या गोलच्या वेळी त्याचा पाय गोलसमोरच्या निळ्या पट्ट्यात होता. म्हणून तो गोल धरायलाच नको होता, असं बफलोचे लोक आजही पोटतिडकीनं सांगतात. २०११ मध्ये टेरी पेगुला यांनी संघ विकत घेतला आणि स्टॅनली कप जिंकणं हेच यापुढे सेबर्सच्या अस्तित्वाचं कारण असेल, असं जाहीर केलं. त्याच वसंतात संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, खेळला. त्यानंतर मात्र उतरण लागली.

जानेवारी २०१४ मध्ये टिम मरे सरव्यवस्थापक झाले आणि मोडतोडीला वेग आला. वर्षानुवर्षं गोल राखणारा रायन मिलर दोन महिन्यांच्या आतच सेंट लुइसला गेला. २०१३-१४ मध्ये संघ शेवटचा आला, सोडत फ्लोरिडानं जिंकली, आणि दुसऱ्या निवडीवर सॅम राइनहार्ट आला. पुढच्या हंगामात तर दोन्ही गोलरक्षक वाटेला लावले : फेब्रुवारीत एनरॉथ, मार्चमध्ये चांगल्या फॉर्मातला नॉयविर्थ. ८२ सामन्यांत २३ विजय, ५४ गुण, पुन्हा तळ. एवढं करून १८ एप्रिलची सोडत जिंकली ती ११.५ टक्के संधी असलेल्या एडमंटननं. मॅकडेव्हिड तिकडे गेला, बफलोला आयकल मिळाला.

आयकल काही साधासुधा खेळाडू नव्हता, त्यामुळे सोडतीतलं दुर्दैव हे पुढच्या अपयशाचं खरं कारण मला पटत नाही. घात केला तो हरण्याच्या सवयीनं. २०१७-१८ मध्ये संघ पुन्हा शेवटचा आला, तेव्हा रायन ओ'रायलीनं हंगामाच्या शेवटी मन मोकळं केलं. हरलो तरी चालतं, ही भावना आमच्यात शिरली आहे आणि या वर्षी खेळावरचं माझं प्रेमच अनेकदा हरवलं, असं तो म्हणाला. ते ऐकताना मला गान्येच्या गोलनंतरचा तो जल्लोष आठवतो. बाहेरच्या कुणी काढलेला तो निष्कर्ष नव्हता. रोज त्या ड्रेसिंग रूममध्ये बसणारा माणूस बोलत होता. जुलैत त्याला सेंट लुइसला धाडलं. २०१९ मध्ये त्याच संघासोबत त्यानं स्टॅनली कप जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

आयकलच्या मानेच्या शस्त्रक्रियेवरून संघाशी वाद झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो व्हेगासला गेला आणि २०२३ मध्ये त्यानंही कप उचलला. राइनहार्ट २०२१ मध्येच फ्लोरिडाला गेला होता. जून २०२४ मध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात कप मिळवून देणारा गोल त्याच्याच स्टिकमधून आला. बफलोचा प्लेऑफविना सलग तेरावा हंगाम त्याआधी दोन महिने संपला होता.